उपटसुंभाची नोकरी

वणवा लागू नये म्हणून आम्ही डोंगराला आग लावतो. पाणी मुरावं म्हणून डोंगर खणतो. आणि चांगली झाडं यावीत म्हणून झाडं तोडतो. या सगळ्याचा आम्हाला पगार मिळतो आणि तो अधूनमधून वेळेवरही मिळतो. कागदोपत्री माझा हुद्दा 'परिसंस्था पुनरुज्जीवन तंत्रज्ञ' असा आहे. एवढा लांब हुद्दा आणि एवढा आखूड पगार एकाच ओळीत बसवणाऱ्या कारकुनाचं मला फार कौतुक वाटतं.

संयुक्त राष्ट्रांनी २०२१ ते २०३० हे अख्खं दशक परिसंस्थांच्या पुनरुज्जीवनाला वाहिलंय. म्हणजे सध्या आमचे सुगीचे दिवस चालू आहेत. ही बातमी आमच्या आत्यापर्यंत अजून पोचलेली नाही. लग्नकार्यात ती माझी ओळख करून देते, "हा माझा भाचा. फॉरेस्टात आहे." समोरच्याच्या डोळ्यांपुढे जीप, बंगला आणि सागवानी दिवाण तरळून जातो. मी प्रामाणिकपणे सांगतो, "नाही हो, फॉरेस्टात नाही. एका संस्थेत आहे. खराब झालेल्या नैसर्गिक जागा पुन्हा ठीकठाक करतो." दिवाण विरून जातो. "म्हणजे नर्सरी आहे तुमची?" "नर्सरी आहे, पण..." "मग आमच्या जास्वंदीला ते पांढरं पांढरं पडतं, त्यावर काय मारू?" माझ्या कामाबद्दलचं कुठलंही संभाषण शेवटी या जास्वंदीपाशी येऊन थांबतं. आता मी हुद्दा सांगायचं सोडून सरळ कडुनिंबाच्या तेलाचं प्रमाणच सांगतो.

गैरसमज एका आत्याचा असता तर चाललं असतं. तो साऱ्या शहराचा आहे. मे महिन्यात पुण्याच्या कुठल्याही टेकडीच्या पायथ्याशी उभं राहून वर बघा. पिवळं पडलेलं गवत, मधूनच एखादी पानं झडलेली मोई किंवा सालई, बाकी उघडा कातळ. बघणाऱ्याच्या मनात करुणा दाटून येते आणि करुणा दाटली की मराठी माणूस खड्डा खणायला घेतो. वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही चार महिन्यांत उरकलेला, आणि खाली वीतभर माती. एवढ्या भांडवलावर टेकडी प्रामुख्यानं गवतच सांभाळू शकते आणि ती ते झोकात सांभाळते. ऑगस्टात जाऊन बघा. पवन्या आहे, मारवेल आहे, तेरडा आहे, आणि कुसळी तर आहेच आहे. कुसळीच्या बियाला एक लांब शेपटी असते. ओल लागली की ती पीळ सोडत गरगर फिरते आणि बी स्वतःला जमिनीत खुपसून घेतं. जमीन मिळाली नाही तर मोजा चालतो. माझ्या मोज्यांनी केलेला बीजप्रसार कुठल्याही अहवालात धरलेला नाही, ही नोंद मी इथे करून ठेवतो.

पण गवताला या देशात कोणी वाली नाही. कन्हैयालाल मुन्शींनी १९५० मध्ये वनमहोत्सव सुरू केला, तेव्हापासून आपण झाडं लावतोय. महाराष्ट्राने २०१६ मध्ये दोन कोटी झाडांचा संकल्प सोडला, पुढच्या वर्षी चार कोटी, मग तेरा, आणि २०१९ मध्ये तेहतीस कोटी. हा आकडा देवांच्या संख्येशी जुळतो हा निव्वळ योगायोग असावा. गवताच्या एका काडीचंही उद्दिष्ट कोणी जाहीर केल्याचं मात्र ऐकिवात नाही. उलट देशातल्या जमिनीचा हिशेब ठेवणाऱ्या 'वेस्टलँड ॲटलस'ने खुरट्या झुडपांचे माळ सरळ पडीक जमिनीच्या खात्यात टाकलेत. लांडगा, खोकड, चिंकारा हे सगळे तिथे पिढ्यान् पिढ्या संसार करतात, पण कागदावर ती जागा वाया गेलेली. माळढोकाचं तर विचारूच नका. या पक्ष्याच्या पायाला मागचं बोटच नसतं, त्यामुळे त्याला फांदीवर बसता येत नाही. त्याला झाड भेट देण्यात काहीच अर्थ नाही. तरी माळ दिसला की ती भेट द्यायला आपले हात शिवशिवतात.

हल्ली यात मियावाकींची भर पडलीय. अकिरा मियावाकी हे जपानचे मोठे वनस्पतिशास्त्रज्ञ. एका चौरस मीटरला तीन-चार रोपं लावून झटपट दाट जंगल उभं करायची त्यांची पद्धत, त्यांच्या ओल्या, सदाहरित मुलखात जन्मलेली. आपल्याकडे ती कोरड्या माळावरही लावतात. रोपं विरार लोकलमध्ये उभी राहतात तशी उभी राहतात, आणि त्यांना उन्हाळाभर टँकरने पाणी पाजलं जातं. दोन वर्षांत हिरवंगार होतं, फोटो सुंदर येतात. गवतातला चंडोल त्याआधीच निघून गेलेला असतो. तो फोटोत नाही, हे कोणाच्या लक्षात येत नाही.

आमचं मुख्य काम म्हणजे असल्या जुन्या करुणेची आवराआवर. पुण्याच्या टेकड्यांवर ही करुणा गिरिपुष्पाच्या रूपाने उभी आहे. मूळ मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं हे झाड. भराभर वाढतं, पाणी मागत नाही, इथल्या शेळ्या सहसा तोंड लावत नाहीत, फांदी तोडून खोचली तरी फुटते. वृक्षारोपणाच्या कार्यक्रमाला याहून गुणी झाड शोधून सापडणार नाही, आणि ते काढायला निघालेल्या माणसाला याहून वाईट. बुंध्याशी कापलं की पुढच्या पावसात एकाचे सात फुटवे येतात. फेब्रुवारीत ते गुलाबी फुलतं आणि तरुण मंडळी त्याच्याखाली उभी राहून 'पुण्याचा चेरी ब्लॉसम' म्हणून फोटो टाकतात. मी करवत पाठीमागे लपवून त्यांचे फोटो काढून देतो.

एकदा असाच कापत असताना टेकडीवर रोज फिरायला येणारे एक काका समोर उभे राहिले. बँकेतून निवृत्त झालेले, हातात काठी, खिशात मे महिन्यातही कानटोपी.

"टी-शर्टावर 'निसर्ग वाचवा' लिहिलंय आणि झाड तोडतोयस?"

"काका, हे परदेशी झाड आहे. मेक्सिकोकडचं."

"मग? मिरची कुठली? बटाटा कुठला? सकाळी पोह्यात शेंगदाणे खाल्लेस ना, ते कुठले?"

तिन्ही अमेरिका खंडातले. या प्रश्नावर विद्यापीठात आमची तयारी करून घेतलेली नव्हती. मी म्हटलं, "काका, मिरची टेकडीवर चढून गवत मारत नाही. याच्याखाली बघा, काही उगवलंय का?"

काकांनी बघितलं नाही. ते शांतपणे म्हणाले, "ही ओळ आम्ही लावलीय. त्या वेळी वर पाणी नव्हतं. पाच-पाच लिटरचे कॅन घेऊन आम्ही चौघे रोज चढायचो. त्यातले दोघे आता नाहीत."

इथे शास्त्र थांबतं. निदान माझं थांबलं. आमच्या क्षेत्रात काही कडवे लोक आहेत. त्यांना परदेशी रोप दिसलं की त्यांचा रक्तदाब वाढतो. ते काकांसारख्यांची टिंगल करतात. मला ते पटत नाही. टेकडीवर इतकी वर्षं कोणीतरी जीव लावला म्हणूनच तिथे इमारत उभी राहिली नाही. पुढे झाडं काढायच्या परवानगीचा अर्ज गेला. नागरी भागातल्या झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे आणि तो देशी-परदेशी असा भेदभाव करत नाही, ही त्याची थोरवी. नोटीस लागली आणि काकांची हरकत आली. तीन पानी, मराठीत, शुद्धलेखनाची एकही चूक नसलेली. हरकत मला पटली नाही, पण वाचून आनंद झाला. शेवटी तोडगा निघाला. सगळी झाडं एकदम काढायची नाहीत, तुकड्यातुकड्याने मोकळी जागा करायची, गवत आलं की पुढचा तुकडा. काकांची ओळ राहू द्यायची. नकाशावर तिला आम्ही 'क-१' असं नाव दिलंय. वार्षिक तपासणीला आलेल्या तज्ज्ञांनी विचारलं, "हे का ठेवलंय?" आमच्या प्रमुखांनी गंभीर चेहऱ्याने सांगितलं, "संदर्भासाठी."

गिरिपुष्प निदान सरळ उभं असतं. घाणेरी अंगावर येते. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कलकत्त्याच्या बागेत शोभेसाठी आणलेलं हे झुडूप कधीच कुंपण ओलांडून देशभर पसरलं. वरवर छाटलं की ते जास्त जोमाने फुटतं. दिल्ली विद्यापीठाच्या प्राध्यापक सी. आर. बाबूंनी त्यावर उपाय दिला: जमिनीखाली बोटभर खोल, जिथून फुटवे येतात त्या भागाच्या खाली मूळ छाटायचं, आणि झुडूप उपटून तिथल्या तिथे उलटं ठेवायचं. खाली डोकं, वर पाय. दिवसभर हे केल्यावर संध्याकाळी उताराकडे बघितलं की शेकडो झुडपं शीर्षासनात उभी दिसतात. मग समोरच्या कुठल्यातरी फांदीवर बुलबुल येऊन बसतो. त्याने सकाळपासून घाणेरीची फळं खाल्लेली असतात. तो गोड आवाजात काहीतरी म्हणतो आणि पुढच्या दहा झुडपांची पेरणी करून उडून जातो. त्याला कुठलाही कायदा लागू नाही.

या घाणेरीचंही नशीब बघा. तामिळनाडूतल्या गुडलूरकडच्या आदिवासी कारागिरांनी तिच्या काड्यांपासून खऱ्या मापाचे हत्ती बनवले आणि ते २०२१ मध्ये लंडनच्या बागांमध्ये मांडले गेले. घाणेरी लंडनला जाऊन आली. आम्ही तिला उपटत अजून पानशेतच्या पुढे सरकलो नाही.

गाजर गवत हा वेगळा विषय आहे. १९५६ मध्ये त्याची नोंद पुण्यातून झाली, त्यामुळे पुणेकर म्हणून त्याच्याबद्दल एक संकोच वाटतो. उपटायला गेलं की अंगाला खाज, नाकाला धार. त्याच्यावर सरकारने मेक्सिकोतून एक भुंगा मागवला. १९८४ मध्ये तो बंगळुरूत कामावर रुजू झाला. त्याच्या सेवाशर्ती मी वाचल्या आहेत. पावसाळ्यात पानं खायची, पाऊस संपला की जमिनीत शिरायचं आणि पुढच्या पावसापर्यंत झोपायचं. मध्यंतरी तो सूर्यफूल खातो असा त्याच्यावर ठपका आला, चर्चा झाली, पण नोकरी शाबूत राहिली. आमच्या कंत्राटात यातलं एकही कलम नाही.

शनिवारी कंपन्यांची माणसं येतात. एकसारखे टी-शर्ट, टोप्या, पाण्याच्या बाटल्या, डोक्यावर ड्रोन. त्यांना रोप लावायचं असतं. रोप लावायची वेळ जून-जुलैची आणि ते येतात जानेवारीत, कारण आर्थिक वर्ष मार्चला संपतं. म्हणून आम्ही त्यांना रानमोडी उपटायला देतो. अर्धा तास सगळे जोशात असतात. मग लक्षात येतं, की याचा फोटो काढण्यासारखा काही होत नाही. हातात रोप घेतलेला माणूस कसा आश्वासक दिसतो. हातात उपटलेली रानमोडी घेतलेला माणूस फक्त दमलेला दिसतो. एका मॅनेजरबाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "एखादं तरी झाड मिळेल का? नुसतं हातात धरायला?" आता रोपवाटिकेतलं एक करंजाचं रोप आम्ही त्या कामासाठी वेगळंच ठेवलंय. त्याच्याइतके फोटो कुठल्याही मंत्र्याचे निघाले नसतील.

रोपवाटिकेसाठी बिया गोळा करणं हा मात्र या नोकरीतला खरा ऐश्वर्याचा भाग. बाभळीचं बी शेळीच्या पोटातून फिरून आलं की चांगलं रुजतं, म्हणून आम्ही शेळ्यांच्या वाड्यातून लेंड्या आणतो. संध्याकाळी आई विचारते, "आज काय केलंस रे?" मी म्हणतो, "लेंड्या चाळल्या." एम.एस्सी.ला पहिला वर्ग मिळवलेल्या मुलाच्या आईने यावर काय म्हणावं? ती गप्प बसते आणि आंघोळीचं पाणी काढते.

कोकणातल्या एका देवराईत बिया हव्या होत्या. मूळचं जंगल कसं होतं हे जाणून घ्यायला देवराईइतकी दुसरी जागा नाही. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांच्या कामामुळे हे अभ्यासकांना फार आधी कळलं. गावाला ते त्याच्याही आधीपासून माहीत होतं. पण देवराईतली काडीसुद्धा बाहेर न्यायची नाही, असा दंडक. गुरवांना भेटलो. माझ्याकडे तीन शिक्क्यांचं पत्र होतं. त्यांनी ते उलटंसुलटं बघून परत दिलं.

"ह्यां माका कित्याक? पयलो देवाक विचारूक व्हया."

कौल लावला. थोडा वेळ गेला आणि उजवी कळी पडली. गुरव म्हणाले, "देव म्हणता, खाली पडलेल्यो बियो घे. झाडाक हात लावू नको. आणि सगळ्यो नेऊ नको." बीजसंकलनाच्या शास्त्रीय नियमावल्याही जवळजवळ हेच सांगतात, फक्त त्यांना फार पानं लागतात. आणि परवानगी अर्ध्या तासात मिळाली. यापेक्षा वेगवान कार्यालय मी पाहिलेलं नाही.

एवढं सगळं केल्यावर ते मोजावं लागतं. एक मीटर लांब, एक मीटर रुंद अशी चौकट गवतावर टाकायची आणि गुडघ्यांवर बसून आतली एकेक काडी ओळखायची. कामाला येणाऱ्या मावशींनी मला पहिल्यांदा असं बघितलं तेव्हा त्या धावत आल्या. "काय पडलं वं दादा? अंगठी?" मग त्याही बसल्या शोधायला. गवत ओळखतोय म्हटल्यावर त्यांना हसू आवरेना. मी पुस्तक उघडून तूस किती, पेरं कसं, असं बघत एका काडीशी झुंजत होतो. मावशींनी ती तोडून दातांखाली धरली, "ही मारवेल. म्हस सोडत नाय हिला." त्यांच्या वर्गीकरणात दोनच कुळं आहेत, जनावर खातं ते आणि खात नाही ते. आमच्या अहवालातल्या बऱ्याच कोष्टकांचं सार याहून फार वेगळं निघत नाही, पण ते असं सांगितलं तर निधी देणारे दुसरा हप्ता देत नाहीत.

कामाचा आणखी एक धोका म्हणजे कोयता. पुण्यात कोयता गँगच्या बातम्या गाजत होत्या, तेव्हा मी रोज स्कूटरच्या पायाशी पोत्यात कोयता घेऊन जात होतो. एका नाकाबंदीत थांबवलं.

"पोत्यात काय?"

"कोयता."

"कशाला?"

"झाडं तोडायला. म्हणजे निसर्गासाठी."

हवालदारसाहेबांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मी ओळखपत्र काढलं, पत्र काढलं, सुबाभूळ काय असते, तिच्या शेंगा किती, बिया किती, ती कशी पसरते, हे सगळं घडाघडा सांगितलं. त्यांचा चेहरा बदलला. "सुबाभूळ होय? आमच्या बांधावर लई माजलीय. मुळासकट जाते का?" मागे गाड्यांची रांग लागली होती. मी त्यांना बुंध्याची साल कशी आणि कुठपर्यंत सोलायची ते सांगत होतो. जास्वंदीपेक्षा हा प्रश्न मला आवडला.

आणि कधीकधी काम फळतं. त्या टेकडीवर गिरिपुष्प काढलेल्या पहिल्या तुकड्यात काही पावसाळ्यांनी गवत परतलं. तितर ओरडू लागला. मग एका सकाळी गवतात कंदीलपुष्प दिसलं. बोटभर उंचीचा, नाजूक, हिरवट कंदील. खाली जमिनीत कंद असतो, त्याला पाऊस पुरतो, बाकी कोणाची मदत नको असते. आमच्यातल्या एकाने उत्साहात फोटो टाकला आणि दुसऱ्या दिवशी मोठमोठ्या लेन्स घेऊन माणसं पोटावर झोपायला आली. फुलाभोवतीचं गवत सपाट. वणव्यातून, घाणेरीतून, शेळ्यांतून वाचलेलं झाड निसर्गप्रेमींच्या कोपराखाली जाणार असं दिसू लागलं.

त्यानंतरच्या रविवारी मी भर पावसात वर गेलो. फुलाभोवती कोणीतरी दगडांचं गोल कडं केलं होतं, त्याला सुतळी बांधली होती, आणि सुतळीला पुठ्ठ्याची पाटी: 'कृपया आत येऊ नये. हे झाड आपलेच आहे.' शुद्धलेखन निर्दोष. शेजारी छत्री धरून काका उभे होते आणि दुसऱ्या हातातल्या बाटलीने झाडाला पाणी घालत होते.

"काका, पाऊस पडतोय!"

"पडू दे. पावसाचा काय भरवसा?"

"अहो, कंद कुजेल त्याचा. जास्त पाणी नको त्याला." मी पुढे सरकलो.

काकांनी काठी आडवी धरली. "थांब. पाणी घालत नाही, बस? पण तू आधी तो कोयता तिकडे ठेव, आणि मग ये."